कला कोणाची? काही पुस्तकांच्या संगतीत

ज्युलियन बार्न्सच्या 'द नॉइज ऑफ टाइम' या कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच परीक्षक म्हणून बसले आहेत. परीक्षा संगीताची नाही, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या विचारसरणीची आहे. भिंतीवर भलामोठा फलक लावलाय : 'कला जनतेची आहे – लेनिन'. समोरची विद्यार्थिनी घाबरून गेलेली. तिला सोपं जावं म्हणून ते विचारतात, कला कोणाची असते? तिला काही सुचत नाही. ते मानेनं हळूच फलकाकडे खुणावतात, तरी तिला ते उमगत नाही.

त्या कादंबरीतलं सगळ्यात जास्त मनात राहिलेलं पान माझ्यापुरतं हेच. उत्तर डोळ्यांसमोर रंगवून ठेवलंय आणि तरी ते तोंडातून येत नाही, यात त्या मुलीचा गोंधळ आहेच, पण प्रश्नाचं खरेपणही आहे. शोस्ताकोविच मनातल्या मनात स्वतःचं उत्तर शोधतात तेव्हा त्यांनाही ते फलकाइतकं सोपं वाटत नाही. माझं बरंचसं वाचन सध्या याच प्रश्नाभोवती फिरतं आहे. कादंबऱ्या, संगीतावरची पुस्तकं, चौकात उभ्या असलेल्या शिल्पांवरची पुस्तकं मी आलटूनपालटून वाचतो, आणि तिन्ही शेजारी ठेवली की एक पुस्तक दुसऱ्याशी बोलायला लागतं. त्यातली काही आवर्जून सुचवावीशी वाटतात.

बार्न्सची कादंबरी 2016 ची, दोनशेपेक्षा कमी पानांची. शोस्ताकोविचच्या आयुष्यातले तीनच काळ तिनं निवडलेत. पहिला 1936 चा. त्या जानेवारीत स्टालिन त्यांचा ऑपेरा पाहायला गेला, आणि दोन दिवसांनी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात निनावी लेख आला : हे संगीत नाही, गोंधळ आहे. त्यानंतर कादंबरीतला हा माणूस रोज रात्री छोटी बॅग घेऊन घराबाहेरच्या लिफ्टपाशी उभा राहतो. पोलीस आले तर बायको-मुलीच्या देखत त्यांनी आपल्याला ओढून नेऊ नये, एवढीच त्याची इच्छा. पुढे न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेहून परततानाचं विमान येतं, त्याच्याही पुढे 1960 मधली मोटार, जेव्हा त्यांना पक्षाचं सदस्य व्हावं लागलं. बार्न्स त्यांना शूर ठरवत नाही आणि भित्रा म्हणून निकालातही काढत नाही. भित्रं आयुष्य जगायला किती चिकाटी लागते हे तो दाखवतो. एका बैठकीत वाचून होईल अशी ही कादंबरी आहे, पण मी ती तुकड्यातुकड्यांनी वाचली. मधे मधे त्यांच्या चार तंतुवाद्यांच्या चौकडीसाठीच्या रचना ऐकाव्यात, विशेषतः 1960 मधली आठवी, आणि मग पुढे जावं.

कला जनतेची असं सत्ता म्हणते तेव्हा तो ताबा असतो. पण त्याच माणसाचं संगीत एकदा खरोखर जनतेचं झालं होतं. त्यासाठी एम. टी. अँडरसन यांचं 'सिंफनी फॉर द सिटी ऑफ द डेड' वाचावं. हे 2015 चं पुस्तक किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेलं आहे, म्हणून मोठ्यांनी ते बाजूला सारू नये. लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला, माणसं उपासमारीनं मरताहेत, रेडिओच्या वाद्यवृंदात मोजकेच वादक उभं राहण्याच्या अवस्थेत उरलेले. बाकीचे सैन्यातून गोळा करून आणले. 9 ऑगस्ट 1942 ला कार्ल एलियासबर्ग यांच्या संचालनाखाली शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली आणि ध्वनिक्षेपकांमधून शहरभर, थेट शत्रूच्या मोर्च्यांपर्यंत ऐकवली गेली. त्याआधी तिची स्वरलिपी सूक्ष्मफिल्मवर उतरवून तेहरान-कैरो मार्गे अमेरिकेला पोचली होती. अँडरसन हा सगळा प्रवास सांगताना त्यातला प्रचाराचा भागही लपवत नाहीत. सोव्हिएत सत्तेला ती सिंफनी हवी होती, आणि उपाशी लोकांनाही हवी होती. एकच रचना दोघांची कशी असू शकते, हे त्या पुस्तकात फार नीट कळतं.

हाच विषय दोन शतकांच्या पल्ल्यावर पाहायचा तर एस्तेबान बुख यांचा बेथोवनच्या नवव्या सिंफनीचा राजकीय इतिहास हवा. मूळ फ्रेंच 1999 चं, पुढे इंग्रजीतही आलं. नववी सिंफनी 7 मे 1824 ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिच्या शेवटच्या भागातलं आनंदाचं गीत नंतर कोणाकोणाच्या हाती गेलं, याचा हिशेब बुख मांडतात. 1942 मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी बर्लिनमध्ये वाद्यवृंद-संचालक फुर्टव्हेंगलरनं ती वाजवली. 1972 मध्ये 'कौन्सिल ऑफ युरोप' या युरोपीय देशांच्या संघटनेनं त्याच सुरावटीला आपलं गीत केलं. दोनच वर्षांनी गोऱ्या अल्पसंख्याकांच्या ऱ्होडेशियानंही (आजचा झिम्बाब्वे) तीच सुरावट राष्ट्रगीत म्हणून घेतली. आणि 1989 च्या नाताळात, भिंत कोसळल्यावर, लेनर्ड बर्नस्टाइननं बर्लिनमध्ये ती सादर करताना 'आनंद'च्या जागी 'स्वातंत्र्य' गायला लावलं. सगळ्या मानवजातीला मिठी मारणाऱ्या गाण्याला मिठीत कोण येतंय हे निवडता येत नाही. बुख हे आरडाओरडा न करता सांगतात. पुस्तक अभ्यासकाचं आहे, काही प्रकरणं जड आहेत. ती सावकाश घ्यावीत.

त्यातलं बॉनच्या पुतळ्याचं प्रकरण मात्र कुणीही चुकवू नये, कारण संगीत आणि सार्वजनिक शिल्प तिथे एकमेकांना भेटतात. बेथोवनच्या जन्मगावी त्याचा पुतळा उभारायचं ठरलं, वर्गणी पुरेना, तेव्हा फ्रांझ लिस्टनं स्वतःचा पैसा आणि नाव पणाला लावलं. शूमनची सी मेजरमधली फँटसी याच निधीसाठी म्हणून सुरू झाली. 1845 च्या ऑगस्टमध्ये अनावरण झालं. प्रशियाचा राजा आणि इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया सज्जात बसलेले होते. पडदा सरकला तर पुतळ्याची पाठ त्यांच्याकडे, तोंड चौकाकडे. मला हा इतिहासातला योगायोग फार आवडतो. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते त्या वर्गणीचं फळ : ब्राँझचा बेथोवन बॉनच्या चौकातच राहिला, आणि शूमनची फँटसी जगभरच्या पियानोंवर गेली. दोघांपैकी खरं स्मारक कोणतं, याचं माझ्यापुरतं उत्तर फँटसीच्या शेवटच्या संथ भागात आहे.

जर्मन कादंबरीकार टोमास मानच्या 'डॉक्टर फाउस्टस'कडे मी याच वाटेनं गेलो. 1947 मध्ये आलेली ही कादंबरी मान यांनी कॅलिफोर्नियात परागंदा असताना लिहिली. आद्रियान लेव्हरक्यून हा संगीतकार सैतानाशी करार करतो : चोवीस वर्षं अलौकिक निर्मिती, बदल्यात कोणावरही प्रेम करायचं नाही. त्याचा लाडका छोटा भाचा तडफडून मरतो तेव्हा तो आपल्या मित्राला सांगतो की नववी सिंफनी परत घेतली पाहिजे. माणसानं ज्यासाठी लढावं, झुरावं, ते सगळं चांगलं असणारच नाही, मी ते मागे घेतो. आणि तो खरंच एक रचना करतो, जिचा शेवट आनंदाच्या गीताच्या नेमका उलट, विलापात होतो. जर्मनी त्या वेळी काय करत होता हे लक्षात ठेवून हे पान वाचलं की अंगावर काटा येतो. बुख यांचं पुस्तक आधी वाचलेलं असलं तर हे मागे घेणं केवढं मोठं आहे ते जाणवतं.

मान यांना संगीताचं तांत्रिक अंग समजावून द्यायला शेजारीच राहणारे विचारवंत आडोर्नो होते, आणि लेव्हरक्यून वापरतो ती बारा स्वरांची रचनापद्धत मूळ ज्यांची, ते संगीतकार आर्नोल्ड शनबर्गही त्याच परिसरात. आपली पद्धत एका काल्पनिक, सैतानाला विकल्या गेलेल्या माणसाच्या नावावर गेली याचा शनबर्गना संताप आला, आणि पुढच्या आवृत्त्यांत मान यांना ती कोणाची हे सांगणारी टीप घालावी लागली. कला कोणाची हा प्रश्न इथे अगदी शब्दशः उभा राहतो.

कादंबरी अवघड आहे हे खरं. पण तिच्या आठव्या प्रकरणात क्रेट्शमार नावाचा तोतरा बोलणारा ऑर्गनवादक जवळजवळ रिकाम्या सभागृहात व्याख्यान देतो : बेथोवनच्या शेवटच्या पियानो सोनाटाला, ओपस 111 ला, तिसरा भाग का नाही? तो पियानो बडवत, गात, ओरडत समजावतो. संगीतावर कादंबरीत लिहिलेलं याहून चांगलं मी काही वाचलेलं नाही. सोनाटाचा दुसरा भाग ऐकायचा, ते प्रकरण वाचायचं, पुन्हा ऐकायचं. दुसऱ्या वेळी त्या साध्याशा सुरावटीचा निरोप कानाला कळतो.

आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं मोलाचं पुस्तक म्हणजे वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी', 1961 चं. वामनराव व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, गाणं रीतसर शिकलेले. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये प्रत्येक घराणं कुठे उभं आहे याचा त्यांनी आराखडा मांडला : किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, आणि जयपूर दोन्हींचा तोल साधणारं. त्यांचा जयपूरकडचा ओढा लपत नाही आणि त्यांनी तो लपवावा असं मला वाटतही नाही. त्यांच्याशी वाद घालत वाचता येतं, हेच या पुस्तकाचं वैभव. घराण्यांनी आपल्या चिजा जपल्या, काही वेळा लपवल्याही. इथे एक श्रोता उठतो आणि म्हणतो की या गाण्याच्या घडणीबद्दल बोलायचा अधिकार मलाही आहे, कारण मी आयुष्यभर मन लावून ऐकलंय. मालकीचा हा एक दावा मला पूर्ण मान्य आहे.

मैफलीला आलेला माणूस निदान आपणहून आलेला असतो. कादंबरी आवडली नाही तर मिटता येते. चौकातलं शिल्प मात्र कोणी मागितलेलं नसतं, ते रोजच्या वाटेत उभं असतं. ऑस्ट्रियन लेखक रॉबर्ट मुसिल यांनी स्मारकांवरच्या एका छोट्या निबंधात म्हटलंय की स्मारकाइतकं अदृश्य जगात दुसरं काही नसतं, नजर त्यावरून घसरून जाते. पाच-सहा पानांचा तो निबंध वाचल्यावर मी पुतळ्यांकडे थांबून बघायला लागलो. पण एक शिल्प असं झालं की ते कोणाच्याच नजरेतून सुटेना.

'द डिस्ट्रक्शन ऑफ टिल्टेड आर्क : डॉक्युमेंट्स' हे पुस्तक 1991 मध्ये एमआयटी प्रेसनं काढलं, संपादन क्लारा वायरग्राफ-सेरा आणि मार्था बस्कर्क यांचं. नावाप्रमाणे यात नुसते कागद आहेत : पत्रं, साक्षी, न्यायालयाचे निर्णय. मी ते कादंबरीसारखं वाचलं. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात 1981 मध्ये सरकारी खर्चानं रिचर्ड सेराचं शिल्प उभं राहिलं. 120 फूट लांब, 12 फूट उंच, किंचित कललेली, गंजलेल्या रंगाची पोलादी भिंत, मोकळ्या चौकाला मधोमध चिरणारी. भोवतालच्या कचेऱ्यांमधल्या लोकांना रोज तिला वळसा घालावा लागे. मार्च 1985 मध्ये तीन दिवस जाहीर सुनावणी झाली. 180 जण बोलले, 122 शिल्प ठेवा म्हणणारे, 58 काढा म्हणणारे. तरी समितीनं चार विरुद्ध एक मतानं हलवण्याची शिफारस केली. सेराचं म्हणणं होतं की हे शिल्प या जागेसाठीच घडवलंय, इथून हलवणं म्हणजे ते नष्ट करणं. तो न्यायालयात गेला आणि हरला. 15 मार्च 1989 च्या रात्री पोलादाचे तुकडे करून ते नेण्यात आलं.

पुस्तकाच्या संपादकांची बाजू उघड आहे, नावातच आहे. तरीही विरोधकांच्या साक्षी त्यांनी छापल्या आणि त्या वाचताना माझं मन हेलकावत राहिलं. सुरक्षेच्या कामातल्या एका व्यक्तीची साक्ष अशी की दहशतवाद्यांनी स्फोट घडवला तर ही भिंत त्याचा मारा इमारतीकडे वळवेल. हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. पण तिथे रोज काम करणारी माणसं सांगतात की उन्हात बसून जेवायची ही आमची एकमेव मोकळी जागा होती, तेव्हा त्यांना कला कळत नाही असं म्हणून विषय संपवता येत नाही. आणि तरी माझं मत सेराच्या बाजूनं आहे. शिल्प वाईट होतं की चांगलं यापेक्षा, सरकारनं स्वतः मागवलेली, कायमची म्हणून बसवलेली कलाकृती तक्रारी आल्या म्हणून कापून टाकायची, हे मला पटत नाही. तक्रारी पहिल्या दिवसापासून असतातच. त्यांना मुरायला वेळ द्यावा लागतो. नव्या शिल्पाला आठ वर्षं म्हणजे काहीच नाहीत.

या कागदांशेजारी एमी वॉल्डमन यांची 'द सबमिशन' ठेवावी. 2011 ची ही कादंबरी. न्यूयॉर्कमधल्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याच्या स्मारकासाठी निनावी आराखड्यांची स्पर्धा होते, परीक्षक एक बाग निवडतात, पाकीट उघडतात, आणि वास्तुरचनाकाराचं नाव निघतं मोहम्मद खान. तो अमेरिकेतच जन्मलेला, धर्माशी फारसं देणंघेणं नसलेला. पुढे तीच बाग लोकांना स्वर्गाची इस्लामी बाग दिसायला लागते, आराखड्यातली एक रेषही बदललेली नसताना. खान स्पष्टीकरण द्यायला नकार देतो, आणि त्याचा हा ताठपणा बरोबर की चूक, हे वॉल्डमन वाचकावर सोपवतात. जाहीर सुनावणीत आस्मा अन्वर ही बांगलादेशी विधवा बोलायला उठते, तिचा नवराही त्या मनोऱ्यात सफाईकाम करताना मेलेला. त्या प्रकरणासाठी तरी कादंबरी वाचावीच. मधल्या भागात पत्रकारितेची छाया जाणवते, काही पात्रं भूमिका मांडण्यापुरती येतात, पण आस्मा तशी नाही.

प्रत्यक्षात हे आधीच घडून गेलेलं होतं. माया लिन ही 1981 मध्ये येलची 21 वर्षांची विद्यार्थिनी होती. व्हिएतनाम युद्धातल्या मृत सैनिकांच्या स्मारकासाठी आलेल्या 1,421 निनावी आराखड्यांतून तिचा निवडला गेला. मग कळलं की ती चिनी वंशाची आहे, मुलगी आहे, आणि तिनं काढलंय ते जमिनीच्या पातळीखाली जाणारी काळी भिंत. विरोधकांनी त्या भिंतीला काळा लाजिरवाणा व्रण म्हटलं. शेवटी तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा उभारला गेला.

लिनचं 'बाउंडरीज' 2000 मध्ये आलं. स्मारकाबद्दलचा बराचसा मजकूर तिनं काम संपल्यावर लगेच लिहून बाजूला ठेवला होता, आणि त्यातला ताजेपणा अजून टिकून आहे. जमिनीला सुरीनं छेद द्यावा, कडा उघडाव्यात, गवत हळूहळू पुन्हा भरून यावं, ही मूळ कल्पना ती फार थोड्या शब्दांत सांगते. सगळ्यात हट्टानं तिनं धरून ठेवलं ते नावांच्या क्रमाला. नावं आडनावांच्या अकारविल्हे हवीत, म्हणजे शोधायला सोपं, असा आग्रह होता. लिनचं म्हणणं, मग ती टेलिफोनची वही होईल. एकाच नावाचे कितीतरी जण. तिनं मृत्यूच्या तारखेचा क्रम लावला. भिंतीचे दोन हात जिथे कोनात मिळतात तिथून 1959 ची नावं उजवीकडे निघतात, त्या टोकाला जमिनीत शिरतात, डाव्या टोकाकडून पुन्हा वर येतात आणि 1975 पाशी त्याच कोनात पोचतात. युद्धाचा पहिला मृत आणि शेवटचा मृत शेजारी. एकाच दिवशी, एकाच चकमकीत गेलेले मित्र भिंतीवरही एकत्र. परत आलेला सैनिक आपले दिवस त्या भिंतीवर शोधू शकतो. 58,000 हून अधिक नावं, आणि घोटून आरशासारख्या केलेल्या ग्रॅनाइटमध्ये त्यांच्यामधून बघणाऱ्याचा चेहरा. हा दगड बेंगळुरूच्या भागातून गेलेला आहे.

लोक तिथे गेले आणि वाद विरला. नावांवर कागद धरून पेन्सिलीनं ठसे घेऊ लागले, खाली पत्रं ठेवू लागले. लिननं यातलं काही आखलेलं नव्हतं, तिनं फक्त हाताला पोचेल अशी भिंत दिली होती. शोस्ताकोविचच्या त्या विद्यार्थिनीला देता न आलेलं उत्तर मला इथे दिसतं : कलाकारानं कोणाच्याही दबावाखाली आपली मूळ कल्पना सोडली नाही, आणि म्हणूनच लोकांना ती भिंत आपली करता आली.

कवी रिल्केचं फ्रेंच शिल्पकार रोदँवरचं छोटं पुस्तक, 1903 चं, मी या सगळ्यांनंतर वाचलं. 'कॅलेचे नागरिक' या शिल्पसमूहावरची त्यातली पानं सहा माणसांची सहा एकाकी पावलं दाखवतात. वेढ्यात सापडलेलं कॅले शहर वाचावं म्हणून शत्रूच्या हवाली झालेले हे सहा जण. शहराला एक वीर हवा होता, रोदँनं गळ्यात दोर अडकवून मरणाकडे निघालेले सहाच्या सहा घडवले, आणि ते रस्त्यावरच्या माणसांच्या पातळीवर उभे असावेत असं त्याला वाटे. 1895 मध्ये गावानं ते उंच चौथऱ्यावर चढवले. खाली उतरले 1924 मध्ये, रोदँ जाऊन सात वर्षं झाल्यावर.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर 'द सबमिशन' आणि लगेच 'बाउंडरीज', ही जोडी सगळ्यात लवकर पकडते. संगीताकडून येणाऱ्यांनी बार्न्सपासून निघावं. 'टिल्टेड आर्क'चे कागद कोणाबरोबर तरी वाचावेत, म्हणजे वाद घालायला माणूस मिळतो. मान शेवटी ठेवलेला चालेल, पण आठवं प्रकरण वेगळं काढून आधीच वाचायला काही हरकत नाही. ओपस 111 चा दुसरा भाग साधारण अठरा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ बाजूला काढून ठेवा.